पेंग आणि विरिय

सातारा-सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात सायंवंदनेस पेंगणारा उपासक आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्याकडे रागाने पाहणारेही. अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात असेच पेंगताना आढळतात ते महामोग्गल्लान, मगधातील कल्लवाळमुत्त गावी. भगवंतांनी विचारले, त्यांनी प्रांजळपणे होकार दिला. दोषारोप नाही, उपाय मात्र क्रमाने आले : धम्माचे पठण करावे, कानांच्या पाळ्या ओढाव्यात, अंग चोळावे, उठून डोळ्यांस पाणी लावावे व तारकांकडे पाहावे, मनात दिवसाचा प्रकाश आणावा, चंक्रमण करावे. एवढ्यानेही सुस्ती न हटल्यास उठण्याचा संकल्प करून उजव्या कुशीवर निजावे. हा अखेरचा उपाय आमच्या प्रवचनांतून बहुधा गळतो. जाग येताच तत्काळ उठावे, असेही तेथे सांगितले आहे. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्यास तेवढे शिकवावे लागत नाही.