विटेचा दाखला

आमच्या सोलापुरात वीट पारखायची रीत ठरलेली. गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटतो. आवाज खणखणीत आला की वीट पक्की. भट्टीच्या लाल विटेला ही कसोटी बऱ्यापैकी पुरते. पण फताटेवाडीला एनटीपीसीचे औष्णिक केंद्र आले, राखेच्या करड्या विटा नजरेत भरू लागल्या आणि कानाचा भरवसा सुटला. ही वीट भाजत नाहीत. चुना किंवा सिमेंट आणि पाणी यांनी ती घट्ट होते. पाणी किती दिवस मारले, हे वरून कळत नाही.

माझ्या घराच्या वेळी पुरवठादाराने चाचणी अहवालाची झेरॉक्स दाखवली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, विटांच्या कडा झडू लागल्या. अहवाल नीट वाचला तेव्हा उमगले, तो केवळ ‘पाठवलेल्या नमुन्या’पुरता होता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे.

आपण तीन गोष्टींची गल्लत करतो. मानक म्हणजे अटी. राख-चुन्याच्या विटेसाठी आयएस १२८९४. प्रमाणन म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने कारखाना तपासून दिलेला परवाना. त्यानंतरही नमुने तपासले जातात, त्याची खूण आयएसआय. अधिस्वीकृती मात्र प्रयोगशाळेची असते. एनएबीएल प्रयोगशाळेची पात्रता पारखते, तुमच्या दारातली वीट नव्हे.

मग ज्या वस्तूला मानकच नाही, तिचे काय? त्यासाठी १९९० साली केंद्र सरकारने स्थापन केलेली बीएमटीपीसी ही संस्था आहे. ती कारखाना पाहून, चाचण्या करवून, ठराविक मुदतीचे कार्यक्षमता प्रमाणपत्र देते. म्हणून मुदत संपली आहे का, हेही पाहावे.

कुंभारीच्या रे नगरसारख्या ३० हजार घरांच्या प्रकल्पावर अभियंते असतात. पै पै साठवून एकच खोली बांधणाऱ्या विडी कामगार बाईला कोण आहे? तिने आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर कुणाकडून तरी तपासून घ्यावा. आणि आलेल्या गाडीतल्या चार-पाच विटा स्वतः निवडून, कोरड्या असताना तोलून, २४ तास पाण्यात ठेवाव्यात. मानकाप्रमाणे सरासरी वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमपर्यंत. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण वीट उतरवून घेण्याआधी तिच्या हाती एवढा पुरावा तरी असेल. माझ्या हाती तेव्हा झेरॉक्स होती.