विश्लेषण : मुळशीच्या वाटेवर दुचाकी का तापते? धोका घाटात की कोंडीत?

एप्रिल-मे महिन्यातील रविवारी पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशीकडे दुचाकींची रांग लागते. भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशी धरणाचा जलाशय आणि पुढे ताम्हिणी घाट. पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, मागे सहप्रवासी आणि सामान असते. अशा वेळी ताम्हिणी दूरच, भूगावच्या कोंडीतच पायांना इंजिनाची धग लागू लागते. ‘ऊनच एवढे आहे, गाडी तापणारच,’ असे म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. मात्र खरा दोषी ऊन नसून अडलेला वारा आहे.

इंजिनात उष्णता येते कुठून?

पेट्रोल जळल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची बहुतांश ऊर्जा उष्णता बनते. त्यातील काही सायलेन्सरवाटे बाहेर जाते, उरलेली इंजिनाचा धातू आणि ऑइल शोषून घेतात. स्प्लेंडर, शाईनसारख्या गाड्यांत ही उष्णता सिलिंडरवरील आडव्या पात्या, म्हणजे फिन्स, हवेत सोडतात. पल्सर २२० मध्ये जोडीला ऑइल कूलर असतो. पल्सर एनएस २००, ड्यूक ३९० किंवा हिमालयन ४५० मध्ये कूलंट, रेडिएटर आणि पंखा हे काम करतात.

मग ऊन किती जबाबदार?

एक साधा हिशेब पाहू. फिन्सचे तापमान १५० अंश सेल्सिअस आहे असे समजू. बाहेर २५ अंश असेल तर फरक १२५ अंशांचा, ४० अंश असेल तर ११० अंशांचा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारणपणे या फरकावर ठरतो. म्हणजे कडक उन्हामुळे थंड होण्याची क्षमता सुमारे १२ टक्क्यांनी घटते. गाडी कोंडीत उभी राहिली, की मात्र फिन्सवरून जाणारा वारा जवळपास थांबतो आणि इंजिन चालूच असते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने निवांत धावणाऱ्या गाडीपेक्षा कोंडीत रांगणारी गाडी जास्त तापते. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे. तिथल्या संध्याकाळच्या कोंडीत रोज अडकणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो.

घाटात काय होते?

चढावर वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त, असा दुहेरी ताण येतो. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली तर इंजिन ‘ठोकू’ लागते आणि उष्णता आणखी वाढते. त्यावर उपाय म्हणून अर्धा क्लच दाबून चढणे आणखी वाईट. क्लचच्या प्लेट घासतात आणि बहुतेक मोटरसायकलींत त्या इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असल्याने ऑइलही तापते. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना इंजिनावरचा भार कमी होतो, वाराही मिळतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नये. इंजिन ब्रेकिंग मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

• ऑइलची पातळी : छोट्या गाड्यांत जेमतेम लिटरभर ऑइल असते. त्यातील २०० मिली कमी झाले तरी पाचवा हिस्सा गेला. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे ऑइल वापरावे.
• फिन्स आणि रेडिएटर : चिखल, धूळ बसली असेल तर इंजिन थंड असताना हलक्या पाण्याने धुवावी. क्रॅश गार्डवर बॅग बांधून वाऱ्याची वाट अडवू नये.
• कूलंट : पातळी टाकीवरील खुणांच्या मध्ये हवी. नुसते पाणी भरू नये. कूलंट उशिरा उकळते आणि गंजही रोखते.
• घासणारे ब्रेक, जास्त ताणलेली चेन, कमी हवेचे टायर : तिन्हींमुळे इंजिनाला फुकटचे कष्ट पडतात.

वाटेत काय करावे?

कोंडीत मिनिटभराहून जास्त थांबावे लागणार असेल तर इंजिन बंद करावे. चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. शक्यतो सकाळी लवकर निघावे. ऊन कमी असते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे भूगाव-पिरंगुटची गर्दी टळते.

धोक्याची चिन्हे कोणती?

पिकअप अचानक कमी होणे, चढावर खडखड आवाज, जळका वास किंवा तापमानाचा दिवा लागणे. असे झाल्यास गाडी सावलीत, रस्त्यापासून बाजूला उभी करून २० ते ३० मिनिटे थांबावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचे झाकणही उघडू नये. आत प्रेशर कुकरसारखाच दाब असतो, उकळते कूलंट अंगावर उडते. गाडी बंद केल्यावर येणारा ‘टिक टिक’ आवाज मात्र घाबरण्यासारखा नाही. तो आकुंचन पावणाऱ्या धातूचा असतो.

दुर्लक्ष केल्यास काय?

ऑइल पातळ होते, पिस्टन आणि सिलिंडरमधला त्याचा थर तुटतो आणि पिस्टन अडकतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन सीझ’ म्हणतात. दुरुस्तीचा खर्च मोठा असतोच, पण धावत्या गाडीचे मागचे चाक अचानक जाम होणे हा त्याहून मोठा धोका. अशा वेळी तत्काळ क्लच दाबावा, चाक मोकळे होते. ताम्हिणीत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. त्यामुळे ऑइल तपासण्याची दोन मिनिटे घरीच दिलेली बरी.