दहाचे तीन सेट

आमच्याकडं व्यायामशाळेत नवं पोरगं आलं की कुणीतरी मोठा मुलगा त्याला बारजवळ नेतो आणि सांगतो, "दहाचे तीन मार." इचलकरंजीत मी १९९० च्या दशकात पहिल्यांदा बारला हात लावला तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. पुढं पोरांना शिकवायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मीही कित्येक वर्षं तेच सांगत राहिलो. हे दहा आले कुठून आणि सेट तीनच का, ते मला सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

त्याचं मूळ शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात आहे. दुसऱ्या महायुद्धात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक तिथं महिनोन्‌महिने पडून असायचे. त्यांना हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावायचा, अशी तेव्हाची रीत होती. थॉमस डीलॉर्म हा तिथला तरुण डॉक्टर लहानपणी ऱ्हुमॅटिक तापानं अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजनं उचलूनच उभा राहिला होता. त्यानं सैनिकांना जड वजन द्यायला सुरुवात केली, ते टप्प्याटप्प्यानं वाढवलं आणि १९४५ साली त्यावर निबंध लिहिला. आधी तो सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ साली वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्यानं ते तीनवर आणले. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन आधी ठरवायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनानं, दुसरा पाऊण वजनानं, तिसरा पूर्ण. म्हणजे खरा जड सेट एकच, आधीचे दोन अंग तापवायला. आमच्यापर्यंत 'दहाचे तीन' तेवढे पोचले. निम्मं आणि पाऊण वाटेतच गळालं.

पॉवरलिफ्टिंगच्या सल्ल्यांचा मागं वळून माग काढताना मला जागोजागी हेच दिसतं. आकडा हातोहात पुढं जातो. तो कुणासाठी, कशासाठी काढला होता ते कुणी बरोबर देत नाही.

खेळ म्हणून पॉवरलिफ्टिंग तसं तरुण आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी, बॉब हॉफमनच्या बारबेल कंपनीच्या आश्रयानं, १९६४ साली पहिली मोठी स्पर्धा भरली आणि पुढच्याच वर्षी अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन प्रकार ठरले. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, १९७३ मध्ये हॅरिसबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

त्याच यॉर्कमध्ये, खेळ जन्मत असतानाच, सल्ल्याच्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. १९६० च्या सुमारास यॉर्कच्या वर्तुळातल्या बिल मार्च आणि लुई रीकी या वेटलिफ्टरांची ताकद बघता बघता वाढली. ते रॅकमध्ये अडकवलेल्या, न हलणाऱ्या बारला काही सेकंद जीव खाऊन रेटायचे. आयसोमेट्रिक व्यायामाची लाट उठली. रॅक विकले गेले, पुस्तिका विकल्या गेल्या. हजारो तरुण घरी न हलणाऱ्या बारला रेटत बसले आणि त्यांची ताकद मात्र तशी वाढली नाही. कारण पुढं उघड झालं. या खेळाडूंचे डॉक्टर जॉन झिगलर त्यांना रॅकबरोबर डायनाबॉलच्या गोळ्याही देत होते. सीबा कंपनीनं ते स्टेरॉइड १९५८ मध्ये बाजारात आणलं होतं. झिगलरना नंतर त्याचा पस्तावा झाला, पण तोवर गोळी जगभर गेली होती.

हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. कारण आजही कुणाची तरी छाती आणि दंड बघून पोरं त्याचा व्यायाम उचलतात. तो खातो काय, टोचतो काय, हे त्यांना दिसत नाही. सहा आठवड्यांत आपली तशी प्रगती झाली नाही की ती स्वतःलाच दोष देतात आणि त्याच वळणावर कुणीतरी इंजेक्शन घेऊन उभा असतो. या वळणावर मी दोन चांगली पोरं गमावली आहेत.

आपल्याकडं ताकदीची परंपरा जुनी, पण हिशोब वेगळा. आखाड्यातला हिशोब संख्येचा : किती जोर, किती बैठका. पाचशे बैठका मारणाऱ्याचा दम मोठा, मांड्या लोखंडासारख्या. पॉवरलिफ्टिंगला मात्र एकच बैठक हवी असते, आयुष्यातली सगळ्यात जड. १९८१ ची जागतिक स्पर्धा कलकत्त्याला झाली. त्यानंतर हळूहळू हा खेळ आमच्यासारख्या गावांच्या व्यायामशाळांतही रुजला आणि आखाड्यात तयार झालेली मुलं स्क्वॉटला उभी राहू लागली. त्यांच्यात एक गोष्ट हमखास दिसायची. बैठक मारताना खाली जाऊन माणूस चवड्यांवर येतो, टाचा उचलतो. ती सवय अंगात मुरलेली. पाठीवर १४० किलो असताना टाच अर्धा बोट उचलली गेली तरी बार पुढं झुकतो आणि सगळा भार कमरेवर येतो. मी स्वतः वर्षभर टाचेखाली दहा पैशाचं नाणं ठेवून सराव केला. तळपायाला नाणं लागेनासं झालं की समजायचं, टाच उचलली.

१९८० च्या दशकात एड कोन हा अमेरिकन लिफ्टर आला. १९९१ मध्ये जेमतेम शंभर किलो वजनाच्या या माणसानं ४०९ किलोचा डेडलिफ्ट मारला. त्याची पद्धत इतकी साधी होती की ऐकणाऱ्याचा विरस व्हावा. स्पर्धेच्या दिवशी काय उचलायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून आठवड्यागणिक उलटं मोजत मागं यायचं. सुरुवातीला वजन कमी आणि रेप, म्हणजे सेटमधल्या उचली, जास्त; मग दर आठवड्याला वजन थोडं वाढवायचं, रेप कमी करायचे. सरावात लिफ्ट फसू द्यायची नाही. पहिले आठवडे इतके सोपे जायचे की सोबतचे चुळबुळायला लागायचे. आजही एखाद्यानं मला एकच पद्धत विचारली तर मी हीच सांगेन. पण हिला धीर लागतो आणि विशीतल्या पोरांकडं धीर सोडून बाकी सगळं असतं.

आमच्याकडंही नव्हता. २००० नंतर झेरॉक्स केलेल्या कागदांतून आमच्या हाती वेस्टसाइड बारबेल पडलं. लुई सिमन्सचा ओहायोतल्या कोलंबसचा हा जिम. वेस्टसाइड हे नाव त्यानं कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या एका जुन्या चमूकडून घेतलं होतं. बॉक्सवर बसून स्क्वॉट करायची युक्तीही तिथलीच. १९७३ मध्ये सिमन्सची पाठ मोडली, पुढं पुन्हा मोडली. त्यातून सावरण्यासाठी त्यानं पाय मागं झुलवायचं यंत्र तयार केलं आणि सोव्हिएत वेटलिफ्टिंगच्या पुस्तकांची भाषांतरं मागवून वाचली. त्यातून त्याची पद्धत उभी राहिली. स्क्वॉट-डेडलिफ्टला आणि बेंचला आठवड्यात एकेक दिवस जास्तीत जास्त वजनाचा, पण दर वेळी वेगळ्या व्यायामाचा. एकेक दिवस पन्नास-साठ टक्के वजनानं शक्य तितक्या वेगाचा. बारला साखळ्या आणि रबरी पट्टे बांधायचे, म्हणजे वर येताना वजन वाढत जातं.

आम्ही भारावून गेलो. लोखंडी बाजारातून साखळ्या आणल्या, सायकलच्या ट्यूब कापून पट्टे केले. छातीवर लाकडी फळ्या ठेवून बेंच मारायला लागलो. खाली फळी असल्यानं बार अर्ध्या वाटेतच थांबायचा आणि भले मोठे आकडे मारता यायचे. पाच महिने आम्ही खूश होतो. मग एका स्पर्धेत माझा बेंच छातीवरून हललाच नाही. तीन अटेम्प्ट, तिन्ही वेळा लाल दिवे. बेंचमध्ये बॉम्ब आउट झालं की तिन्ही प्रकारांची बेरीज, म्हणजे टोटलच उरत नाही. रात्रीच्या एसटीनं परत येताना मी कुणाशी एक शब्द बोललो नाही.

कारण उमगायला मला दोन वर्षं लागली. सिमन्सचे लिफ्टर जाड, घट्ट बेंच शर्ट आणि स्क्वॉट सूट घालून उतरायचे. शर्ट ताणला जातो तो बार छातीजवळ येताना आणि तिथंच तो लिफ्टरला वर ढकलतो. वर जाईल तशी त्याची मदत संपते. म्हणून त्यांची लिफ्ट वरच्या टप्प्यात फसायची आणि म्हणून फळ्या, साखळ्या, दंडाच्या मागच्या स्नायूचे ढीगभर व्यायाम. आमच्याकडं शर्ट नव्हते. आमची लिफ्ट छातीवरच फसायची आणि नेमका तोच भाग आम्ही पाच महिने सोडून दिला होता. सिमन्सचं त्याच्या लोकांपुरतं चुकलेलं नव्हतं. त्याचा प्रश्न सोडवणारं उत्तर आम्ही आमच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं.

मग आम्ही बोरिस शेइकोकडं वळलो. या रशियन प्रशिक्षकाची पद्धत मला मनापासून आवडली आणि आजही आवडते. स्पर्धेतले तीन प्रकार सोडून फार भटकायचं नाही. बहुतेक काम कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांवर, दोन-तीन रेपचे पुष्कळ सेट, एकाच दिवशी आधी बेंच, मग स्क्वॉट, मग पुन्हा बेंच. कुठल्या टक्केवारीला किती रेप उपयोगी पडतात, याचा तक्ता सोव्हिएत वेटलिफ्टरांच्या नोंदींवरून प्रिलेपिन या प्रशिक्षकानं तयार केला होता. ८० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात सेटला दोन ते चार आणि एकूण पंधराच्या आसपास, असा त्याचा साधा हिशोब. सिमन्स आणि शेइको या दोघांचीही मुळं तिथंच पोचतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

शेइकोनं आमचं तंत्र सुधारलं. दर रेप सारखा दिसायला लागला. पण इचलकरंजी यंत्रमागांचं गाव. माझ्याकडच्या एका मुलाला आठवडा दिवसपाळी आणि आठवडा रात्रपाळी असायची. बारा तास मागांच्या खडखडाटात उभं राहून तो सकाळी सरळ व्यायामशाळेत यायचा. कागदावर लिहिलेलं असायचं ८० टक्के, पाच सेट, तीन रेप. दिवसपाळीच्या आठवड्यात तो ते हसत करायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याच बारखाली त्याचे गुडघे थरथरायचे. वजन तेच, टक्के तेच, माणूस तो नव्हता. ज्यांच्यासाठी हे तक्ते बनले, त्यांचं खाणं-झोपणं सरावाभोवती आखलेलं असायचं.

या अडचणीवर तोड काढली ती माइक टशररनं. २००९ मध्ये तैवानच्या काओशिउंगला वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्ण जिंकणारा हा अमेरिकन लिफ्टर. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटले ते आकड्यात सांगायची पट्टी फार आधी तयार केली होती. टशररनं तिला लिफ्टिंगच्या कामाचं रूप दिलं. सेट संपला की विचारायचं, अजून किती रेप निघाले असते? एकही नाही तर दहा. एक तर नऊ. दोन तर आठ. कागदावर किलो लिहायचे नाहीत, 'तीन रेप, आठवर' असं लिहायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात तो आठ १३० किलोला येईल, दिवसपाळीत १४५ ला. दोन्ही दिवशी काम सारखंच झालं. त्या मुलाचं गाडं इथून चालू लागलं. आता बारचा वेग मोजणारी यंत्रंही मिळतात. ती चांगली आहेत, पण आधी स्वतःशी खरं बोलायची सवय लागते आणि ती लागायला सहा महिने जातात. तरुण पोरगा दहाचा सेट मारून हटकून आठ सांगतो.

दरम्यान खेळही आमच्याजवळ आला. सूट-शर्टविना, नुसता पट्टा आणि गुडघ्याच्या स्लीव्हवर लढायचा क्लासिक प्रकार महासंघानं मानला. २०१२ मध्ये स्टॉकहोमला त्याची विश्वचषक स्पर्धा झाली आणि २०१३ मध्ये रशियातल्या सुझदालला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. महागडा शर्ट न परवडणाऱ्या गावांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. नियम बदलला की सल्लाही बदलतो. पाठीची कमान जितकी उंच तितका बार कमी अंतर हलतो, म्हणून बेंचवर मुलं कमानीच्या मागं लागली होती. १ जानेवारी २०२३ पासून महासंघानं कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीइतकी किंवा त्याखाली गेलीच पाहिजे असं ठरवलं आणि कित्येकांना बेंच नव्यानं शिकावा लागला.

वजन उतरवण्याच्या सल्ल्याबद्दल मला अजून राग येतो. काही संघटनांत वजन स्पर्धेच्या चोवीस तास आधी घेतात. तिथला लिफ्टर पाच-सहा किलो पाणी उतरवतो आणि एका दिवसात भरून काढतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात वजन होतं स्पर्धेच्या दोन तास आधी. तो पहिला सल्ला ऐकून दुसऱ्या स्पर्धेला आलेली पोरं मी पाहिली आहेत. ओठ सुकलेले, पोटऱ्यांत पेटके, ओपनरलाच गुडघा दुमडलेला. पहिला अटेम्प्ट असा ठेवावा की आजारी असलो तरी तीनदा निघेल, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या लोवेलला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आमच्या व्यायामशाळेत पहिली मुलगी त्यानंतर तीस-एक वर्षांनी आली. आज सात आहेत. त्यातल्या एकीचा, सत्तावन्न किलो गटातलीचा, परवा स्क्वॉटचा दिवस होता. ९५ किलो, चार रेप. चौथ्याला बार मध्यावर क्षणभर थबकला, टाचा मात्र जमिनीला चिकटलेल्या. रॅकवर बार ठेवून ती वाकून उभी राहिली.

"किती राहिले होते गं?"

"दोन, सर."

मी काहीच बोललो नाही. तिनं पाणी प्यायलं, पट्टा सैल केला, पुन्हा बारकडं बघितलं.

"एक, सर. एकच."

मी वहीत नऊ लिहिलं आणि पुढच्या सेटला दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीचच्या प्लेट काढल्या.