पहिल्या नंबरवर असताना मार्केझ मुद्दाम मागे का गेला? भानगड टायरमधल्या हवेची होती

२ मार्च २०२५, रविवार. आपल्याकडे दुपारचा दीड वाजला होता आणि तिकडे थायलंडच्या बुरीराममध्ये मोटोजीपीच्या नव्या सीझनची पहिली रेस सुरू झाली. मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल रेसिंगमधली सगळ्यात वरची स्पर्धा. डुकाटीच्या फॅक्टरी टीमकडून मार्क मार्केझची ही पहिलीच मुख्य रेस होती. आदल्या दिवशीची छोटी रेस, म्हणजे स्प्रिंट, त्याने जिंकली होती. रविवारीही तो पहिल्या नंबरवरून सुटला आणि पुढे निघून गेला.

सातव्या लॅपमध्ये त्याने अचानक गाडी हळू केली. मागून त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स आला आणि पुढे गेला. मार्क त्याच्या मागे लागला तो तसाच. एक लॅप, दोन लॅप, दहा लॅप झाले, तरी ओव्हरटेक करायचं नाव नाही.

दुसरबीडच्या चहाच्या टपरीपासून पुण्याच्या हॉस्टेलपर्यंत, जिथं कुठं बाईकवेडी पोरं असतील तिथं एकच चर्चा होणार हे उघड होतं. गाडीत बिघाड झाला का? टायर वाचवतोय का? की भावाभावात काही ठरलंय?

मग २३व्या लॅपला मार्कने अ‍ॅलेक्सला मागे टाकलं, शेवटच्या तीन-चार लॅपमध्ये अंतर वाढवलं आणि रेस जिंकली. अ‍ॅलेक्स दुसरा आला, फ्रान्सेस्को बान्याया तिसरा. म्हणजे गाडीही ठीक होती आणि वेगही होता. रेसनंतर कळलं की त्याच्या पुढच्या टायरमधली हवा कमी पडत होती आणि ती वाढवायला तो भावाच्या मागे गेला होता.

आता चालत्या गाडीत, ताशी तीनशेच्या आसपास जाताना, हवा वाढवायची कशी?

त्यासाठी आधी नियम बघावा लागतो. मोटोजीपीत टायर मिशेलिनचे असतात आणि पुढच्या टायरमधला दाब किमान १.८० बार, म्हणजे साधारण २६ पीएसआय, असावाच लागतो. मुख्य रेसच्या ६० टक्के लॅपमध्ये दाब या आकड्याच्या वर पाहिजे, स्प्रिंटमध्ये ३० टक्के. चाकातला सेन्सर हे सगळं मोजत असतो. कमी भरलं तर मुख्य रेसमध्ये १६ सेकंदांची शिक्षा होते आणि स्प्रिंटमध्ये ८ सेकंदांची. जिथं पहिला-दुसरा एखाद-दोन सेकंदाने ठरतो, तिथं १६ सेकंद म्हणजे रेस गेल्यातच जमा.

बुरीरामची रेस २६ लॅपची होती. त्याचे ६० टक्के म्हणजे १६ लॅप. आता मार्क भावाच्या मागे किती लॅप राहिला ते मोजा. सातव्यापासून बावीसाव्यापर्यंत धरले तर तेवढेच भरतात.

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. समजा, ३० अंशाला टायरमध्ये १.६० बार हवा भरली. तोच टायर ६० अंशापर्यंत तापला तर आतला दाब साधारण १.८६ बार होतो. वरून एक फुंकरही न घालता. रेसिंगवाले तर टायरला आधीच गरम ब्लँकेट गुंडाळून ठेवतात आणि मगच ट्रॅकवर काढतात.

पण जो सगळ्यात पुढे असतो त्याच्या पुढच्या चाकावर सरळ वारा बसतो. टायर आणि ब्रेक थंड राहतात आणि दाब उतरतो. दुसऱ्या गाडीच्या मागे लागलं की वारा अडतो, वरून तिच्या इंजिनची आणि एक्झॉस्टची गरम हवा अंगावर येते, टायर तापतो आणि दाब चढतो. मार्कने हेच केलं. दाब कमी झाला की रायडरला डॅशबोर्डवर इशारा मिळतो. तो बघून त्याने भावाच्या गाडीचा हीटर म्हणून वापर केला म्हणायला हरकत नाही.

मग आधीच थोडी जास्त हवा भरून का सुटत नाहीत? कारण पंचाईत दुसऱ्या बाजूलाही आहे. दाब फार चढला की टायर फुगून टणक होतो, रस्त्याला टेकणारा त्याचा भाग कमी होतो आणि जोरात ब्रेक मारला की पुढचं चाक घसरतं. त्यामुळे रेस सुरू व्हायच्या आधीच टीमला अंदाज बांधावा लागतो की आपला माणूस एकटा पुढे पळेल की घोळक्यात अडकेल. एकटा पळणार असेल तर हवा थोडी जास्त ठेवायची, घोळक्यात राहणार असेल तर कमी. अंदाज चुकला की रायडरने गाडी कितीही चांगली चालवली तरी भोगावं त्यालाच लागतं.

सहा आठवड्यांनी, १३ एप्रिलला, कतारमध्ये तसंच झालं. मावेरिक विन्यालेस केटीएमवर होता. काही लॅप तर तो सगळ्यात पुढे होता. शेवटी मार्कच्या मागोमाग दुसरा आला. नंतर डेटा तपासला तर दाब कमी निघाला. १६ सेकंद वाढले आणि तो दुसऱ्यावरून थेट चौदाव्या नंबरवर गेला. दुसऱ्याला २० गुण मिळतात, चौदाव्याला २.

हा घाव केटीएमला त्या काळात जास्तच लागला असणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही ऑस्ट्रियन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. बुरीरामच्या रेसला आठवडाही उरला नव्हता तेव्हा कुठे देणेकऱ्यांनी कर्जफेडीची योजना मान्य केली. केटीएमची टीम सीझनभर टिकते का, हीच तेव्हा पहिल्या रेसइतकी मोठी चर्चा होती. पुढे कंपनीला वाचवायला पैसा आला तो पुण्याच्या बजाज ऑटोकडून. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या केटीएम ड्यूक बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. त्यामुळे कतारमध्ये हुकलेल्या त्या दुसऱ्या नंबरचं थोडं वाईट मराठी माणसालाही वाटायला हवं.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नियम जास्तीत जास्त हवेचा नाही, कमीत कमी हवेचा आहे.

आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. एप्रिल-मे आला की पंक्चरच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "ऊन लई आहे, हवा जरा कमीच टाका, नाहीतर फुटंल." ऐकायला पटतं, कारण उन्हात दाब वाढतो हे खरंच आहे. पण कंपनी जो आकडा देते त्यात ही वाढ धरलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि जास्त वाकते. तार सारखी वाकवत राहिलं की गरम होते, तसंच इथं होतं. उष्णता आतूनच तयार होते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि टायर जातो. उन्हाला भिऊन हवा कमी केली की टायर उलट जास्तच तापतो. मिशेलिनने किमान दाबाचा आग्रह धरला तो याच भीतीने.

दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यात, मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे आणि समृद्धी महामार्गही जवळूनच जातो. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे इथली बाईक जुन्याच रस्त्यावर चालते. पण टायर फुटण्याची चर्चा या भागाला नवी नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं समृद्धीवर खासगी बसला आग लागून २५ जणांचा जीव गेला. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं म्हटलं होतं. तरीही "टायर फुटला" हेच अनेकांच्या डोक्यात राहिलं. टायर खरोखर फुटतात तेव्हाही दोष दरवेळी उन्हाचा किंवा सिमेंटच्या रस्त्याचा नसतो. घिसलेलं रबर, जास्तीचा माल आणि कमी हवा ही कारणं शोधायला कोणी खाली वाकत नाही.

गावातल्या शंभर-सव्वाशे सीसी गाडीच्या पुढच्या चाकाला साधारण २५ पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. आकडा मार्केझच्या गाडीच्या जवळपासचा वाटतो, पण त्याचा आकडा तापलेल्या टायरचा असतो आणि तुमचा थंड टायरचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या स्टिकरवर मिळतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. मोजायचं ते सकाळी, गाडी चालवायच्या आधी. वीस किलोमीटर चालवून मीटर लावला तर आकडा जास्तच दिसणार. तो बघून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

राहिला प्रश्न नियम बरोबर आहे का याचा. काही चाहत्यांना तो पटतो, कारण फुटलेल्या टायरपुढे रायडरचं कौशल्य चालत नाही. काहींचं म्हणणं असं की रेस ट्रॅकवर संपते आणि निकाल नंतर लॅपटॉपवर बदलतो, ह्यात काय मजा? विन्यालेसच्या बाबतीत हा राग रास्त वाटतो. पण बुरीराममध्ये त्याच नियमामुळे प्रेक्षकांना १६ लॅपचं कोडं बघायला मिळालं. मार्क पुढे त्या सीझनचा विश्वविजेताही झाला.

२०२६ नंतर मिशेलिन जातंय. २०२७ पासून मोटोजीपीचे टायर पिरेलीचे असतील. तेव्हा कुठल्या ट्रॅकवर किती हवा भरायची, याचे सगळ्या टीमचे जुने हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागणार आहेत.