आम्ल टिपून घेणारा रेणू

चारशे मीटरच्या शर्यतीतले शेवटचे शंभर मीटर नीट बघा. तोवर वाऱ्यासारखे धावणारे पाय एकाएकी जड होतात, मांड्या भरून येतात, पाऊल आखूड पडू लागतं. प्राणवायूची वाट न बघता स्नायू साखर जाळत सुटलेले असतात आणि त्या धांदलीत पेशींमध्ये हायड्रोजन आयन, म्हणजेच आम्ल, साचत जातात. एरवी स्नायूपेशीचा सामू 7.1 च्या आसपास असतो. पार दमछाक झाली की तो 6.5 पर्यंत उतरतो. फरक किरकोळ वाटेल, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्या उतारात हायड्रोजन आयन चौपट होतात.

आणि हे तर फक्त उरलेलं आम्ल! तयार झालेलं बहुतेक आम्ल पेशीने तिथल्या तिथे टिपलेलं असतं. यातलं मोठं काम फॉस्फेट आणि प्रथिनं करतात. मला मात्र भुरळ पडते ती कार्नोसिन नावाच्या एका चिमुकल्या रेणूची. रशियन रसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर गुलेविच यांना तो 1900 साली मांसाच्या अर्कात सापडला.

हिस्टिडिन आणि बीटा-अ‍ॅलानिन या दोन अमिनो आम्लांची ही जोडी. हिस्टिडिनच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू असतो, तो हायड्रोजन आयन पकडतो. पण सुटं हिस्टिडिन हे काम नेटाने करतं ते सामू 6 च्या जवळपास, आणि स्नायू सहसा इतका खाली जातच नाही. त्याला बीटा-अ‍ॅलानिन जोडलं की हा आकडा सरकून 6.83 वर येतो, म्हणजे 7.1 आणि 6.5 यांच्या बरोबर मधे! गणित मांडून बघा: विश्रांतीत कार्नोसिनच्या शंभरातल्या 35 रेणूंनी हायड्रोजन धरलेला असतो, दमछाकीच्या टोकाला 68 रेणूंनी. दर तीन रेणूंमागे एक नवा आयन टिपला गेला. श्वास खाली बसला, सामू वर आला की हेच रेणू पुन्हा मोकळे होतात.

महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बीचे 2400 मीटर सुमारे अडीच मिनिटांत कापणारा थरोब्रेड घोडा घ्या. त्याच्या स्नायूंत माणसाच्या साधारण पाचपट कार्नोसिन असतं, आणि हा प्राणी तर गवत-दाण्यावर जगतो!

माणसाच्या शरीरात कार्नोसिन बनवायला हिस्टिडिनची ददात नसते, तुटवडा असतो बीटा-अ‍ॅलानिनचा. थोडं यकृत बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून मिळतं. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत कार्नोसिन सहसा कमी आढळतं. थेट कार्नोसिन खाऊन फारसा उपयोग नाही, कारण रक्तातलं एक विकर त्याचे लगेच तुकडे करतं. रॉजर हॅरिस यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं की काही आठवडे नुसतं बीटा-अ‍ॅलानिन घेतलं तरी स्नायूंतलं कार्नोसिन वाढतं.

बीटा-अ‍ॅलानिनच्या भुकटीचा मोठा डोस एकदम घेतला तर चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात. तिचा फायदा दिसतो तो मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या जीव तोडून केलेल्या श्रमात, आणि तोही थोडाच. सकाळच्या फेरफटक्यासाठी मात्र तिच्यावर पैसे घालवू नका. त्या चालीत स्नायूंत आम्ल साचतच नाही.