'स्किप इंट्रो'? आई ओरडेल!

ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर पाय पसरून वेबसिरीज लावली की पहिलं काम काय? 'स्किप इंट्रो'! 2017 मध्ये नेटफ्लिक्सने हे बटण आणलं आणि आपण टायटल साँगला सरळ टाटा करून टाकलं. पण वीकेंडला पेणला किंवा रोह्याला घरी गेलात की मामला वेगळा. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. मालिका ती बघते कमी, ऐकते जास्त!

भिंतीपलीकडची गोष्ट

डेली सोपचं संगीत असतंच मुळी अशा प्रेक्षकासाठी. टायटल साँगची धून बासरीवर संथ वाजली, म्हणजे नायिका रडतेय. तीन दणके बसले, म्हणजे सासूबाईंना काहीतरी कळलंय. रोज नवा भाग द्यायचा तर सीन ताणावे लागतात. संवाद नसलेल्या त्या जागा मग संगीतच भरतं. तुर्की मालिकांचा तर एकेक भाग दोन तासांच्या घरात जातो, त्यामुळे तिथेही लांबलचक नजरानजर आणि मागे संगीत. कोरियात अनेकदा जोडीचं वेगळं गाणं असतं. मालिका चालू असतानाच ती गाणी एकेक करून बाजारात येतात.

आपल्याकडे गंमत आणखी वेगळी. 'आभाळमाया' 1999 मध्ये अल्फा मराठीवर आली. शब्द मंगेश कुलकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा. मालिका केव्हाच संपली, पण गाणं आजही भावगीतासारखं गुणगुणलं जातं.

पेणचा मल्हार

2014 मध्ये 'जय मल्हार' सुरू झाली. आदर्श शिंदेचा खडा आवाज, आणि जागरण-गोंधळाची सवय आपल्या कानांना आधीपासूनच. मग काय, खंडोबाच्या त्या रूपातल्या गणपतींना जोरदार मागणी आली आणि पेणच्या कारखान्यांत 'जय मल्हार' बाप्पा तयार होऊ लागले! मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याची नजर जराही हलून चालत नाही. त्याच्या वाट्याला मालिका आलीच, तर ती कानानेच.

हाक कोण मारणार?

आता दिवा-रोहा मेमूत बघा. ज्याचा त्याचा मोबाईल, ज्याचे त्याचे इअरफोन. एकट्याने बघायचं तर गाणं कशाला हवं? टायटल साँग ही खरं तर घराला मारलेली हाक होती. ती ऐकून गॅस बारीक व्हायचा, अभ्यासाची वही मिटायची, आजी खुर्ची पुढे ओढायची. बटण दाबून आपला अर्धा-एक मिनिट वाचतो खरा, पण सगळ्यांना एका खोलीत आणणारं निमित्तही त्याच बटणाबरोबर जातं.

तेव्हा पुढच्या शनिवारी घरी गेलात की रिमोट बाजूला ठेवा. कुठली धून वाजली की काय होणार, ते आईला विचारा. स्क्रीनकडे न बघता सांगेल. लावताय पैज?