पाऊस, पैसा आणि स्त्रीचें नांव

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजकडून पुण्यांत येणाऱ्या आंबील ओढ्यास महापूर आला व कांठावरचे कित्येक संसार वाहून गेले. हवामान सर्वांसाठींच बदलत आहे. परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. दुष्काळांत दूरचें पाणी बहुधा स्त्रीच वाहते. पीक बुडालें असतां मदत मात्र सात-बारावर ज्याचें नांव त्यास मिळते, आणि तें नांव बहुधा पुरुषाचें असतें. मराठवाड्यांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्यानें शेतकरी स्त्रिया घरच्या जमिनींतील एखादा एकर मागून घेऊन त्यांत थोड्या पाण्यावर येणारें धान्य व भाजीपाला पिकवितात. या संस्थेस २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांचें इक्वेटर पारितोषिक लाभलें. तात्पर्य, जी संकट सोसते तिच्या हातीं साधनही असावें. पालकहो, आपल्या सात-बारावर गृहिणीचें नांव आहे काय?